पोटाचा रंग

डेल्मर ट्रॅमेलला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही, हे जगात तिघांनाच माहीत होतं. एक त्याचा बाप. तो वारला. दुसरा रेल्वेचा डॉक्टर, तोही एव्हाना गेलेलाच असणार. तिसरा थोरला भाऊ हार्लन.

डेल्मर एकोणीस वर्षांचा असताना बाप त्याला रेल्वेच्या भरतीला घेऊन गेला होता. बाप स्वतः मालगाडीवर गार्ड, हार्लन आधीच लागलेला, तेव्हा धाकट्याचं काम झाल्यातच जमा होतं. डॉक्टरने टेबलावर रंगीत लोकरीच्या लडींचा ढीग ओतला, त्यातली एक हिरवी उचलली आणि म्हणाला, "याच्यासारख्या सगळ्या बाजूला काढ." डेल्मरने अगदी मन लावून काढल्या. त्यात दोन तांबड्या होत्या, तीन तपकिरी. डॉक्टरने लडी परत ढिगात टाकल्या. "दुसरं काम बघ, पोरा. सिग्नल तुझ्यासाठी नाहीत."

घरापर्यंतच्या चाळीस मैलांत बाप चकार शब्द बोलला नाही. अंगणात गाडी बंद केल्यावर एवढंच म्हणाला, "लोकांना सांग, तुलाच नको होती नोकरी."

डेल्मरने तसंच सांगितलं. तो लाकडाच्या गिरणीत लागला आणि एकेचाळीस वर्षं तिथेच राहिला. लग्न केलं नाही. लोक म्हणायचे, डेल्मर म्हणजे घरकोंबडा, हे तळं सोडून तो कसला जातोय. तोही त्यांच्याबरोबर हसायचा.

तळं म्हणजे अलाबामाच्या उत्तरेला नदीवर बांधलेल्या धरणाचं पाणी. त्याच्या एका फाट्यावर दोघा भावांची घरं समोरासमोर होती. हार्लनची बायको त्याला सोडून गेली, मुलगी लग्न होऊन ओहायोला गेली, आणि निवृत्तीनंतर हार्लनला उरलं काय, तर डेल्मर आणि होडी. होडी दोघांत एक. पुढे हार्लन, मागे डेल्मर. मे महिन्यापासून पाणी गार पडेपर्यंत, उजाडायच्या आत दोघं पाण्यावर असत. त्यांना बास मासा हवा असे आणि तोही पाण्याच्या वर येऊन घेणारा. तळाशी आमिष सोडून डुलक्या काढणारे वेगळे. हे दोघं लाकडाचा नकली मासा पाण्यावरून नागमोडी पळवायचे आणि खालून बास उसळी मारून तो कधी तोंडात घेतोय याची वाट बघायचे.

कोणता मासा लावायचा, हे हार्लन ठरवायचा.

"बबा, काय लावू?" डेल्मर मागून विचारायचा. लहानपणी त्याने भावाला बबा म्हणायला सुरुवात केली ती साठी उलटली तरी सुटली नव्हती.

"काळा लाव. अजून फटफटलं नाही." मग ऊन वर आलं की, "पांढरा लाव." ढग आले की, "तो हिरवट पिवळ्या पोटाचा. पाठीकडे नको बघू. मासा खाली असतो. त्याला पोट दिसतं."

काळं-पांढरं डेल्मरला कळायचं, पिवळं-निळंही. पण नकली माशांची बाकी सगळी पेटी त्याला चिखलाच्या वेगवेगळ्या छटांसारखी दिसे. म्हणून हार्लनने प्रत्येक खणात पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर रंगाचं नाव लिहिलं होतं. धक्क्यावर कुणी विचारलं, आज मासे कशावर घेतायत, तर डेल्मर खणाकडे नजर टाकून बिनधास्त उत्तर द्यायचा.

दोऱ्याचंही तसंच. हार्लन दोघांच्या रिळांवर गर्द हिरवा दोरा भरायचा, पाण्यात मिसळून जाणारा. डेल्मरला तो गढूळ पाण्यावर अजिबात दिसत नसे. मासा उसळला की तो आवाजावर गळाची काठी ओढायचा आणि बऱ्याचदा आधीच ओढायचा. तेव्हा हार्लन पुढून, मान न वळवता, डेल्मरच्या दोऱ्याकडे बघत सांगायचा, "थांब. थांब. दोरा ताणला. आता ओढ."

फेब्रुवारीत हार्लनला झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. ओहायोहून मुलगी आली, तिने तीस मैलांवरच्या वृद्धांच्या शुश्रूषागृहात त्याची सोय केली, आठवडाभर राहिली आणि गेली. वाचा परत आली, पण वाकडी होऊन आली. पाणी मागायचं असलं की तो चप्पल मागे. डेल्मरला बघून एकदा म्हणाला, "ये मंगळवार, बस." आपण चुकलो हे कधी त्याला कळे, कधी कळत नसे.

डेल्मर दर रविवारी जायचा. वसंतभर तो पाण्यावर गेलाच नाही. होडी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली, पेटी होडीतच. मे अखेरीस ताडपत्री काढली तर पेटीत पावसाचं पाणी. खणांतल्या पट्ट्या सुटून तरंगत होत्या, शाई पसरली होती.

त्याने एकोणीस लाकडी मासे धुऊन ओसरीवर वाळत घातले आणि त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसला. शेजारपाजारी कुणालाही हाक मारता आली असती. मारली नाही. रविवारी पेटी घेऊन हार्लनकडे गेला.

हार्लन खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होता. पेटी उघडल्यावर त्याचा चेहरा खुलला. डाव्या हाताने त्याने एकेक मासा उचलून बघितला, गळाच्या टोकावर अंगठा फिरवला.

"बबा, हा कोणता?"

"हिरवा," हार्लन म्हणाला. ठणठणीत. चार महिन्यांत असा शब्द त्याच्या तोंडून आला नव्हता.

डेल्मरने पट्टी फाडली, हिरवा लिहिलं, खणात चिकटवली. "आणि हा?"

"नारिंगी."

"हा बेडकाच्या नक्षीचा?"

"तांबडा."

"असू दे. हा?"

"निळा."

डेल्मर थबकला. निळा त्याला दिसायचा. आभाळ दिसायचं, गिरणीतल्या वर्दीचा शर्ट दिसायचा. हा काही तसा वाटत नव्हता. पण आपले डोळे खोटं सांगतात हे तो लोकरीच्या लडींपाशी शिकला होता, आणि बबा या बाबतीत कधी चुकला नव्हता. त्याने निळा लिहिलं.

एकोणीसच्या एकोणीस झाले. हार्लन दमला होता, पण खूश होता. बाहेर पडताना डेल्मरला वाटलं, माणूस परत येतोय.

बुधवारी तो पहिल्यांदा एकटा पाण्यावर गेला. होडीच्या पुढच्या जागेवर कॉफीचा थर्मास ठेवला, पण नाक हलकं राहून होडी वाऱ्यावर फिरायला लागली. हार्लनचं वजन सव्वादोनशे पौंड होतं. ते पुढे नसलं की होडी अशी वागते, हे त्याला आजवर कळायचं कारणच पडलं नव्हतं. त्याने काठाला जाऊन एक दगड आणून पुढे ठेवला.

त्या दिवशी तीन मासे उसळले, तिन्ही हुकले. दोरा कुठे आहे ते दिसलं नाही, आणि थांब म्हणणारं कुणी नव्हतं. जवळून एक होडी गेली. तीतला माणूस म्हणाला, "कशावर घेतायत?"

"हिरव्यावर एकदोन आले," डेल्मर म्हणाला.

त्या माणसाने डेल्मरच्या काठीच्या टोकाला लटकणाऱ्या लाकडी माशाकडे पाहिलं, मग डेल्मरकडे. "बरं," म्हणाला आणि निघून गेला.

परत येताना डेल्मर मिस इमोजीनच्या दुकानात थांबला. रस्त्याच्या वळणावरचं ते दुकान: आमिष, पेट्रोल, सकाळी सॉसेज भरलेली गरम, पावासारखी मऊ बिस्किटं. मिस इमोजीन सत्तरीची, चार भावांत वाढलेली, तोंडाने फटकळ. गंजलेले गळ बदलायचे होते म्हणून त्याने पेटी तिच्यापुढे ठेवली.

तिने चष्मा नाकावर ओढला. "डेल्मर, या पट्ट्या कुणी लावल्या रे?"

"का?"

"यावर हिरवा लिहिलंय. हा तर आगीच्या बंबासारखा लाल आहे. आणि हा बेडूक. तांबडा बेडूक बघितलायस कधी? हा तपकिरी म्हणे. हा गुलाबी आहे, माझ्या नातीच्या नखांसारखा." तिने खालवर पाहिलं. "अक्षर तुझंच दिसतंय."

डेल्मरच्या कानात गरम वाफ भरल्यासारखं झालं. "हार्लनने सांगितलं. मी लिहिलं."

मिस इमोजीन थांबली. तिने चष्मा काढून गाऊनला पुसला. "म्हणजे तो जे म्हणाला ते तसंच लिहिलंस. त्याचं मन मोडायला नको म्हणून."

डेल्मरने पेटीचं झाकण लावलं.

"माझे चार भाऊ. एकाला तरी हे सुचलं असतं का? देव तुझं भलं करो." तिने गळ पुडीत घातले आणि वर एक बिस्किट ठेवलं. "खा. वाळलायस."

तो गाडीत जाऊन बसला. बिस्किट मांडीवर गार होत गेलं. भाऊ परत येतोय असं वाटलं होतं, तो आला नव्हता. आणि जी शाबासकी मिळाली ती त्याची नव्हती. दोन्ही गोष्टी कुणाला सांगाव्यात, तर सांगण्यासारखा माणूस तीस मैलांवर खुर्चीत बसून पाण्याला चप्पल म्हणत होता.

रविवारी तो पेटी घेऊनच गेला. नेली नसती तर हार्लनने विचारलं असतं. काही कळू द्यायचं नाही असं त्याने वाटेत पक्कं केलं होतं. लाल मासा, आता तो लाल आहे हे ठाऊक असलेला, त्याने पुढे धरला.

"हा कोणता म्हणालास, बबा?"

"पिव..." हार्लन म्हणाला. "नाही. शनि... तवा." मग त्याने डेल्मरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. साठ वर्षं तो चेहरा बघितलेला. त्यावर काय लपवलंय हे ओळखायला शब्द लागत नव्हते. त्याचे डोळे पट्ट्यांकडे गेले, एकीवरून दुसरीकडे, आणि त्याने डाव्या हाताचा फटकारा मारून पेटी उलटी केली.

एकोणीस मासे मांडीवरच्या कांबळ्यात अडकले. एकेकाला दोन दोन गळ, एकेका गळाला तीन तीन टोकं. डेल्मर गुडघ्यावर बसला आणि एकेक टोक लोकरीतून सोडवू लागला. हार्लनच्या घशातून आवाज येत होता. डेल्मरने वर पाहिलं नाही.

अर्धे सुटले असतील, तेवढ्यात हार्लनने त्यातला एक शेपटाकडच्या कडीला धरून उचलला. हात वर नेला, खिडकीच्या उजेडात, आपल्या डोळ्यांच्या वर, आणि एक डोळा मिटून खालून त्याच्याकडे बघितलं. मग डेल्मरची कॉलर धरून त्याला जवळ ओढलं आणि मासा त्याच्या डोक्यावर धरला.

डेल्मरने खालून पाहिलं. मागे जूनच्या दुपारचं पांढरं आभाळ. त्यावर मासा म्हणजे नुसता एक गडद आकार. लाल नाही, हिरवा नाही. हार्लनने तो कांबळ्याच्या डाव्या बाजूला ठेवला. दुसरा उचलला. याचं पोट आभाळात मिसळून गेलं, कडा तेवढी दिसत होती. तो उजव्या बाजूला. तिसरा गडद. चौथा डेल्मरने स्वतःच उचलून वर धरला, खालून पाहिला, उजवीकडे ठेवला. हार्लनने मान हलवली.

दहा मिनिटांत दोन ढीग झाले. एकही चुकला नाही. आणि मग डेल्मर मागे सरकून बसला.

"तुला हे ठाऊक होतं," तो म्हणाला. "माशाला पोट दिसतं, पोट दिसतं म्हणायचास. म्हणजे मला जेवढं दिसतं तेवढंच त्याला. मग इतकी वर्षं मी तुला विचारत बसलो, ते कशाला? एकदा सांगायचं होतंस, बाबा रे, तुझं तुला जमेल."

हार्लन खूप वेळ शब्द शोधत राहिला. ओठ जुळवून बघितले, सोडले.

"तू विचारायचास," तो शेवटी म्हणाला.

हा खरा जबाब होता, की तव्यासारखा भलताच शब्द जिभेवर आला होता, हे डेल्मरला कळलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. हार्लन खिडकीबाहेर बघत राहिला.

दोन दिवसांनी डेल्मर दुकानात गेला आणि रीळ काढून ठेवलं. "हा हिरवा काढून पिवळा भरा, मिस इमोजीन. भडक असेल तो."

"पिवळा? या पाण्यात? मासे हसतील तुला."

"मासा खाली असतो. त्याला दोरा आभाळावर दिसणार, तो हिरवा असला काय नि पिवळा असला काय. टोकाला हातभर बिनरंगी बांधीन. बुडणारा नको मात्र, तो लाकडी माशाचं नाक पाण्यात ओढतो."

"ते मला शिकवू नकोस. पण हिरव्याने तुझं काय घोडं मारलंय?"

"हिरवा मला दिसत नाही."

"मग चष्मा बदल."

"चष्म्याने नाही होणार." डेल्मरने दोन्ही हात काउंटरवर ठेवले. "मला लाल-हिरवं कळत नाही. कधीच कळलं नाही. रेल्वेने त्यासाठीच घेतलं नव्हतं."

मिस इमोजीन दोरा गुंडाळायचं यंत्र चालू करायला वाकली होती, ती तशीच राहिली. "म्हणजे ती लेबलं..."

"मला खरी वाटली होती. तुम्ही भलं म्हणालात, मी गप्प बसलो."

तिने यंत्र चालू केलं, हिरवा दोरा रिळावरून भरभर उतरला, पिवळा चढायला लागला. पुरा चढल्यावर ती म्हणाली, "कुणाला सांगू नका, असं म्हणायचंय का?"

"नाही. तसं काही नाही."

"संध्याकाळपर्यंत अर्ध्या तळ्याला कळेल हं. मला मी ओळखते."

"कळू दे."

त्याला वाटलं होतं, हे बोलल्यावर छातीवरचा दगड उतरेल. पण बाहेर आल्यावर ऊन तेवढंच होतं, गाडी तीच होती. चव्वेचाळीस वर्षं जपलेली गोष्ट, ती ऐकून घ्यायला एक रीळ भरेपर्यंतचा वेळ पुरला होता.

गुरुवारी उजाडताना तो फाट्याच्या टोकाला होता. पाण्यावर धुकं, कमळाच्या पानांची कड अंधुक. आभाळ नुकतं राखाडी होत होतं. त्याने दोन मासे खालून बघून घेतले, गडद होता तो लावला आणि पानांच्या कडेने फेकला. पिवळा दोरा पाण्यावर पडलेला त्याला अगदी स्पष्ट दिसला, घरातल्या जमिनीवर रेघ ओढल्यासारखा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपला दोरा कुठे आहे हे माहीत होतं.

काठीचं टोक हलवत त्याने मासा पळवला, डावीकडे, उजवीकडे, मध्येच थांबवला. पाचव्या-सहाव्या फेकीला पाणी फुटलं. आवाज दार आपटल्यासारखा झाला. त्याचे हात ओढायला निघालेच होते, पण डोळे दोऱ्यावर होते. दोरा सैल होता. सैलच होता. मग तो सरळ व्हायला लागला, पानांच्या बाजूला सरकला, ताणला. तेव्हा त्याने ओढलं.

मासा दोनदा होडीखालून गेला. हाताला लागला तेव्हा त्याच्या जबड्यात डेल्मरची अख्खी मूठ मावली असती. वजनकाट्यावर साडेसात पौंडांच्या वर. हार्लनचा आजवरचा सगळ्यात मोठा सातचा होता, आणि त्याची गोष्ट गेली अठरा वर्षं धक्क्यावर सांगितली जात होती.

"बघितलंस?" डेल्मर म्हणाला.

पुढच्या जागेवर दगड आणि थर्मास होता. काठावरचा एक बगळा त्या आवाजाने उठला आणि पाण्याला लागून लांब गेला. डेल्मरने मासा पाण्यात धरून ठेवला, कल्ले हलायला लागेपर्यंत, आणि मूठ सोडली. मासा क्षणभर तिथेच राहिला, मग खाली गेला. त्यानंतर डेल्मरने पुन्हा फेकलं नाही. दोरा गुंडाळून घेतला आणि होडी वळवली.

होडी काठाच्या उतारावर ओढून ठेवून, ओल्या पँटनेच, तो गाडीने थेट तीस मैल हार्लनकडे गेला. हार्लनची न्याहारी चालली होती. समोर दलियाचा वाडगा, गळ्यात रुमाल. डेल्मरने खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं: धुकं, पानांची कड, दोरा कसा सरकला, आपण कसं थांबलो. थांबलो हे दोनदा सांगितलं.

हार्लनने चमचा ठेवला. डावा हात टेबलावर उभा केला आणि दुसरा उचलायला गेला, तो उचलला नाही. तेव्हा डेल्मरने आपला हात त्याच्या हातासमोर उभा धरला. त्या दोन हातांमध्ये माशाची लांबी मोजायची होती. हार्लनने आपला हात थोडा जवळ आणला: एवढा? डेल्मरने आपला मागे नेला. हार्लनच्या भुवया वर गेल्या. डेल्मरने आणखी बोटभर मागे नेला.

"खोटारडा," हार्लन म्हणाला. शब्द अगदी बरोबर होता.

दोघं हसले. हार्लन हसता हसता थकला आणि त्याची मान खाली आली. आठ वाजता टमीका, तिथली मदतनीस, त्याला आंघोळीला न्यायला आली. "आज रविवार नाही, मिस्टर डेल्मर," ती म्हणाली. "वाट चुकलात की काय?"

"नाही. सहज आलो."

"तासभर लागेल आम्हाला. मग ते झोपतील दुपारपर्यंत. थांबून काही उपयोग नाही बघा."

"बरं," डेल्मर म्हणाला.

खुर्चीची चाकं बाहेरच्या व्हरांड्यात वाजत गेली. थोड्या वेळाने फरशी पुसणारा आला. त्याने खाटेखालून, खिडकीखालून ओलं फडकं फिरवलं आणि डेल्मरपाशी येऊन थांबला. डेल्मरने दोन्ही पाय वर उचलले. पुसणारा पुढे गेला. फरशी वाळेपर्यंत डेल्मर तसाच, पाय खुर्चीच्या दांडीवर ठेवून, बसून राहिला.